उर्वशीकाकूंचं पिवळं बांडगूळ

झाड माझ्या तोंडामुळे गेलं. हे पहिलेच सांगून टाकतो, कारण वणीत आमच्या गल्लीत कोणालाही विचारलं तर तो हेच सांगेल, आणि वरून दोन गोष्टी स्वतःच्या घालून सांगेल.

भाऊबीजेचा दिवस होता. मी तेव्हा नुकताच ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा धंदा सुरू केला होता, आणि त्यासाठी 'उर्वशी फोटो स्टुडिओ'चा पुढचा गाळा भाड्याने घेतला होता. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत पासपोर्ट फोटोवाल्यांशिवाय कोणी येत नव्हतं. मागच्या बाजूला घरमालक राहत: मारोतरावकाका, ज्यांनी अर्ध्या तालुक्याची लग्नं कॅमेऱ्यात धरली, आणि उर्वशीकाकू, ज्यांच्या नावाची पाटी बाहेर होती. त्यांची लेक दीपा लग्न होऊन पुण्याला गेलेली. त्यामुळे सणाच्या फराळाचं एक ताट माझ्याकडे यायचं, आणि मी ते कधी नाकारलं नाही.

त्या दिवशी मला आतच बोलावलं होतं. काकांची मोठी बहीण इंदुताई यवतमाळहून ओवाळायला आली होती. तिचे यजमान रस्त्यांचे ठेकेदार. बंगला, गच्चीवर बाग, आणि बोलण्यात असा सूर की समोरच्याला आपण खुर्चीवर न विचारता बसलो आहोत असं वाटावं. अंगणात आंब्याच्या लाकडाचा एक ओंडका तारेनं टांगला होता आणि त्याला जाड, चामड्यासारख्या पानांचं एक झाड चिकटलं होतं. त्याच्याकडे बोट करून इंदुताई म्हणाली, "हे बांडगूळ अजून फेकलं नाही का गं उर्वशी?"

मला कोणी विचारलं नव्हतं. पण माझं शिक्षण वणीच्या शाळेत झालेलं, माहिती अर्धी आणि आत्मविश्वास पूर्ण. चकली खाता खाता मी म्हणालो, "बांडगूळ नाही आत्या. ऑर्किड हाये थे. बांडगूळ झाडाचा रस पिते, हे नुसतं फांदीवर बसते. अन् असं पिवळं तर पूर्‍या जिल्ह्यात कोणाजवळ नसंन. शौकीन लोक जीव टाकतात यासाठी." एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. मी उठून भिंतीवरचा फोटोही दाखवला. काकांनीच काढलेला, झाड फुलात असतानाचा. या जातीची फुलं बाकी ठिकाणी मातकट, चौकड्या-चौकड्यांची असतात. हे स्वच्छ पिवळं, आणि मधली पाकळी पांढरी.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चकली तोंडातच मऊ झाली.

इंदुताईनं ओवाळलं. काकांनी ताटात साडीची पिशवी ठेवली. तिनं ती हळूच बाजूला सरकवली. "यंदा साडी नको रे मारोत. मले थे झाड दे."

ओवाळणीच्या ताटात बहिणीनं मागितलं आणि भावानं नाही म्हटलं, असं आमच्याकडे होत नाही. त्यात मारोतरावकाका. त्यांनी आयुष्यभर लोकांना "हसा, हसा" सांगितलं, पण कोणाला "नाही" सांगायची वेळ आली की ते लेन्स पुसायला घ्यायचे. काकूंकडे न पाहता ते म्हणाले, "ने न ताई. तुह्यापेक्षा मोठं हाये का थे?"

आता ते झाड काय होतं हे सांगितलं पाहिजे. काकूंचं माहेर झरी तालुक्यातलं. वडिलांच्या वावरात बांधावर एक आंबा होता आणि त्याच्या फांदीवर हे झाड. वडील त्याला 'आमची पिवळी' म्हणायचे. वडील गेले, भाऊ नव्हता, वावर चुलत्यांनी विकलं, आणि एका उन्हाळ्यात वादळी वावधनात आंबाच पडला. काकू बातमी ऐकून एसटीनं गेल्या आणि ती फांदी करवतीनं कापून, मांडीवर घेऊन परत आल्या. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तर म्हणाल्या, "मांडीवरच्या लेकराचं तिकीट लागत नाही." माहेर म्हणून त्यांच्याकडे उरलं होतं ते एवढंच. आणि ते आता नणंदेच्या ताटात पडलं होतं.

काकू आत गेल्या, पदर खोचून बाहेर आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "न्या न ताई. पण एक अडचण हाये. झाड गरोदर हाये."

"काय हाये?"

"हे पाहा." पानांच्या बेचक्यात बोटाएवढं हिरवं, धारा असलेलं फळ लोंबत होतं. मे महिन्यात काकूंनीच काडीनं एका फुलाचे पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाला लावले होते. "पोटात हाये त्याच्या. अन् पोटुशीले शीव ओलांडू देत नाहीत. तुम्हीच सांगितलं होतं न? माहे बाबा खाटेवर होते, मी म्हणत होती एक डाव पाहून येते, तर तुम्ही म्हणाल्या, दीपा पोटात हाये, शीव ओलांडायची नाही. नाहीच गेली मी. बाबा गेल्यावरबी नाही गेली."

काका लेन्स पुसायला उठले, पण कॅमेरा जवळ नव्हता.

इंदुताई स्वतःच्याच नियमात अडकली होती. "मंग आता?"

"मंग काय. मोकळं करून देते." काकूंनी फोटोंच्या रिटचिंगची बारीक कात्री आणली, फळ देठाशी कापलं आणि पदरात बांधलं. मग झाडाच्या ओंडक्याला हळदकुंकू लावलं, मूठभर तांदूळ टाकले आणि सासरी जाणाऱ्या लेकीसारखं ते इंदुताईच्या गाडीत नेऊन ठेवलं. इंदुताईला वाटलं, भावजय किती मोठ्या मनाची. मलाही तेच वाटलं. गाडी वळणावरून गेली आणि काकू माझ्याकडे वळल्या.

"तोंड चालवलं न रजत? आता हात चालव. बरण्या धुवायच्या हायेत."

मी पुढची कित्येक वर्षं बरण्या धूत होतो.

स्टुडिओच्या मागं डार्करूम होती. फिल्मचे दिवस संपल्यापासून बंद. पण ती बांधली होती उजेड शिरू नये म्हणून, आणि जिथं उजेड शिरत नाही तिथं वणीतली धूळही जरा विचार करून शिरते. आमच्याकडे कोळशाचे ट्रक दिवसरात्र जातात. सकाळी पुसलेल्या खुर्चीवर दुपारी पांढऱ्या पँटीनं बसू नये. त्या एका खोलीत मात्र जाड काळे दुहेरी पडदे होते. काकू पूर्वी तिथंच बसून निगेटिव्हवर काम करायच्या. नवरीच्या गालावरचे वण टोकदार पेन्सिलीनं असे उडवायच्या की मुलाकडचे फोटो पाहून होकार कळवायचे. तालुक्यातली किती लग्नं त्या पेन्सिलीवर जमली, आणि किती नवरदेव नंतर चकित झाले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ऑर्किडचं बी म्हणजे पावडर. एका फळात लाखो. पण त्यात दाण्यासारखा गर नसतो; शिदोरी न बांधता घराबाहेर पडलेलं पोरगं. जंगलात एखादी बुरशी त्याला भरवते, तेव्हा लाखातलं एखादं जगतं. घरी वाढवायचं तर बाटलीत आपणच जेवण मांडायचं. काकूंनी हे सगळं एका मल्याळी माणसाच्या व्हिडिओवरून शिकून ठेवलं होतं. भाषा एक अक्षर कळत नव्हती. "भाषेचं काय करायचं हाये," त्या म्हणायच्या, "मी त्याचे हात पाहते."

साखर, नारळाचं पाणी, कुस्करलेलं केळं, लाकडी कोळशाची पूड, चिमूटभर खत, आणि जेली जमवायची अगरची भुकटी. हे शिजताना असा वास सुटला की काका ताटली घेऊन आले. त्यांना वाटलं शिरा आहे.

"तुमच्यासाठी नाही," काकू म्हणाल्या. "तुमच्या बहिणीसाठी हाये."

शिरा जॅमच्या बरण्यांत ओतला, बरण्या प्रेशर कुकरमध्ये उकडल्या. कारण बुरशीलाही शिरा आवडतो. हवेतला तिचा एक कण आत गेला की ती आधी शिरा खाते आणि मग रोपं. पेरणीसाठी काकूंनी माशांची जुनी काचपेटी आडवी केली, तोंडाला प्लास्टिक लावलं आणि हात घालायला दोन भोकं पाडली. फळ आधी ब्लिचिंगच्या पाण्यात, मग स्पिरिटमध्ये, मग झर्रकन दिव्याच्या ज्योतीवरून. ब्लेडनं उभं चिरलं. आतून पांढुरकं पीठ निघालं. काकू ते चिमट्यानं बरण्यांत भुरभुरवत होत्या आणि श्वास रोखून, ओठ न हलवता बोलत होत्या.

"तिले एकटीच्या जवळ असलेलं झाड पायजे होतं न? एकटीचं राहूच देत नाही मी. यवतमाळ भरून टाकते. भाजीवालीच्या ठेल्यावर लटकंन थे. न्हाव्याच्या दुकानात लटकंन. तिच्या मोलकरणीच्या दारात लटकंन."

"काकू, किती दिवस लागतील?"

"पाच-सहा साल."

मी हसलो. आमच्याकडे सूड म्हणजे फार तर बांधावरची बाभूळ तोडणं, किंवा पंगतीत वाढताना एखाद्याचं पान विसरणं. दोन्ही एका दुपारी उरकतात. सहा वर्षं राग शिजत ठेवायचा, तोही मंद आचेवर, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. पेटीबाहेर उभा राहून हसता हसता मला शिंक आली. काकूंनी ज्योतीवरून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून डार्करूममध्ये मला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही.

पहिल्या बरण्यांपैकी बहुतेक नासल्या. झाकणाला भोक पाडून त्यात कापसाचा बोळा घातला होता, हवा जावी पण घाण जाऊ नये म्हणून. मी मेडिकलमधून चांगला दवाखान्याचा कापूस आणला होता. तो वाफ पिऊन ओला झाला आणि त्यावरूनच करडी बुरशी आत उतरली. काकू प्रत्येक नासलेली बरणी नाल्यात ओतताना म्हणायच्या, "हेबी तुह्याच नावानं, इंदुताई." मग त्यांना सुचलं की आपण कापसाच्या गावात राहून कापूस मेडिकलमधून आणतो, म्हणजे कमालच. जिनिंगमधून साधी रुई मागवली. ती पाणी धरत नाही. पुढच्या बरण्या टिकल्या, आणि उजेडासाठी काकूंनी त्यांच्यावर ट्यूबलाइट लावली.

पीठ महिनोन्महिने तसंच पडून होतं. एक दिवस काकूंनी मला उंबऱ्यापर्यंत बोलावलं आणि बरणी लांबूनच दाखवली. पिठावर हिरवट झाक होती. नंतर तिचे राजगिऱ्याएवढे दाणे झाले, दाण्यांना टोक आलं, टोकाचं पान झालं. काकू रोज त्यांच्याशी बोलायच्या. लोक झाडांशी प्रेमानं बोलतात म्हणे. मी पडद्याआडून ऐकलं ते असं होतं: "प्या बाई, प्या. पोटभर प्या. आत्याच्या घरी जायचं हाये न?"

तिकडे यवतमाळात झाडाचं नाव झालं. पहिल्याच चैत्रात इंदुताईनं गौरीच्या हळदीकुंकवाला ते मध्यभागी मांडलं. एका पेपरच्या आतल्या पानावर फोटो आला: 'माहेरची दुर्मीळ ठेव जपणाऱ्या इंदुताई'. तिच्या बाजूनं ते खोटंही नव्हतं. भावाचं घर म्हणजे तिचं माहेरच. काकूंनी पेपर घडी करून कुकरखाली ठेवला.

त्या वर्षी काकू हळदीकुंकवाला गेल्या होत्या. झाड त्यांनी पाहिलं. ओंडका काढून फेकलेला, मुळं रंगीत कुंडीत, काळ्या मातीत दाबलेली, वरून शेणखत. काकूंनी कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "ताई, पाया पडते, मातीतून काढा त्याले. हवेवर जगते थे. सडून जाईन."

इंदुताईनं सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐका वं! फोटोवाली मले बागकाम शिकवून राह्यली. माती नसली तर झाड उभं कशावर राहीन, उर्वशी? तुह्या बापाच्या वावरावर?"

बायका हसल्या. काकू पन्हं न पिता परत आल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही. गल्लीतल्या बबलूनं सांगितलं; त्याच्या गाडीनं त्या गेल्या होत्या आणि तो दाराशीच उभा होता. मला एवढंच दिसलं की त्या दिवसापासून रविवारी धुवायच्या बरण्या दुप्पट झाल्या.

वणीचा उन्हाळा माणसांसाठीही बांधलेला नाही, बाटलीतल्या पोरांसाठी तर नाहीच. कूलर डार्करूमच्या दाराशी लागला. काका बाहेर पंख्याखाली, अंगावर ओला पंचा. "रजत," ते म्हणायचे, "लोकायले ओवाळणी एका दिवसाची पडते. मले दरसाल पडून राह्यली." पण उन्हाळ्यात दुपारी उठून कूलरमध्ये पाणी तेच भरायचे. मला वाटतं, त्यांच्याजवळ माफी मागायचा तेवढाच एक रस्ता होता, आणि काकू त्यांना तो वापरू देत होत्या, पण माफी देत नव्हत्या.

रोपं बोटभर झाली तशी बरण्यांतून बाहेर काढली, शिरा धुतला, विटांच्या तुकड्यांवर आणि लाकडी कोळशावर बसवली. गच्चीवर हिरवी जाळी बांधली. रोज सकाळी काकू एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायच्या, कारण रात्रीतून खाणीच्या कोळशाची काळी भुकटी बसलेली असायची. कित्येक मेली. तरी इतकी उरली की कपडे वाळत घालायला जागा राहिली नाही. काका ओला पंचा खांद्यावर टाकून गच्चीभर फिरायचे आणि तसाच घेऊन खाली यायचे.

मग लॉकडाऊन आला, हळदीकुंकू बंद पडलं, आणि इंदुताई दर चैत्रात 'माहेर' नावाच्या घरच्या ग्रुपवर नुसता फोटो टाकू लागली. खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले. दुसऱ्या वर्षी फोटो आला तेव्हा काकू कांदा चिरत होत्या. मी मोबाइल समोर धरला. त्यांनी हात पुसले, फोटो मोठा केला, डोळ्याजवळ नेला.

"हा मागच्या सालचाच हाये."

"कशावरून?"

"खालच्या पाकळीले मुंगीनं कुरतडलं हाये, पाहा. मागच्या सालीबी तिथंच होतं. मुंगी काय तारीख पाहून येते का?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरचे डाग शोधलेला डोळा. त्याला काय फसवणार.

मग त्यांनीच सावकाश म्हटलं, "मेलं थे झाड."

कांदा तसाच राहिला. त्या गच्चीवर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. काका जिन्याच्या तळाशी उभे राहून वर पाहत होते. एक पायरी चढायचे, एक उतरायचे. काकू खाली आल्या तेव्हा डोळे कोरडे होते, आणि ते रडलेल्या डोळ्यांपेक्षा वाईट दिसत होतं.

"आतापर्यंत माह्या मनात होतं, का पयलं रोप तिलेच देईन. तोंडावर फेकीन अन् म्हणीन, हे घे, अन् माह्या बापाचं झाड वापस कर." त्यांनी विळी पुढे ओढली. "आता वापस करायले तिच्याजवळ काही उरलं नाही. मंग मीबी काही देत नाही."

मागच्या वर्षी पहिलं रोप फुललं. कळी फुगली तेव्हा मीच घाबरलो होतो. मातकट निघाली तर सहा वर्षांचे रविवार पाण्यात. पहाटे काकांनी हाक मारली. पिवळं होतं. स्वच्छ, मधली पाकळी पांढरी. काकांनी कपाटातून जुना कॅमेरा काढला, ज्यात फिल्मच नव्हती, आणि तरी दोनदा खटका दाबला. काकू म्हणाल्या, "पुढल्या चैत्रात पुष्कळ फुलतीन. बबलूले सांगून ठेव."

यंदा चैत्रात इंदुताईनं पुन्हा मोठं हळदीकुंकू ठेवलं. बबलूच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत संत्र्याचे क्रेट लावले, वर ओली पोती, आणि आम्ही मारेगाव-करंजीवरून यवतमाळला निघालो. काका बबलूजवळ पुढे, मी मागे झाडांसोबत, आणि काकूही मागेच, ठेवणीतल्या जरीच्या साडीत, क्रेट धरून. प्रत्येक गतिरोधकावर त्या बबलूच्या नावानं ओरडायच्या. बबलू खिडकीतून ओरडला, "काकू, नवरी नेऊन राह्यलो का मी?"

"नवरी नाही रे पोट्ट्या, वरात हाये. हळू चालव."

काका ठेकेदारसाहेबांसोबत ओसरीवर बसले. हळदीकुंकवात पुरुषाला जागा नाही, पण हमालाला असते, म्हणून मी क्रेट घेऊन आत. हॉल बायकांनी भरला होता. गौरीसमोर आंब्याची डाळ, पन्ह्याचे ग्लास, कलिंगडाची कमळं, आणि मध्यभागी नागपूरहून आणलेलं एक जांभळं, दुकानातलं ऑर्किड.

एका बाईनं विचारलंच, "इंदुताई, तुमचं ते पिवळं कुठं हाये वं?"

"त्याले यंदा आराम देऊन राह्यली. वर गच्चीवर हाये, सावलीत." शेजारी तिची सून निकिता पन्हं वाटत होती. ती एकदम ग्लासांकडे फारच लक्ष देऊ लागली.

काकूंनी क्रेटवरचं पोतं काढलं.

हॉलमध्ये असा आवाज झाला जसा थेटरात हिरो आल्यावर होतो, फक्त बारीक आवाजात. पिवळंच पिवळं. काकू पहिल्या बाईजवळ गेल्या, कुंकू लावलं आणि हातात झाड दिलं. "हे माह्या बाबाच्या आंब्यावरचं. झरीकडचं. मातीत नका लावू, सडते. तारेनं लटकवा." दुसऱ्या बाईला तेच. तिसरीला तेच. डॉक्टरीणबाईंना, बँकेतल्या बाईंना, शाळेच्या बाईंना, भांडी घासायला आलेल्या बाईला, तिच्या सोबत आलेल्या तिच्या जावेला. प्रत्येकीला तीच वाक्यं, न चुकता: बाबांचा आंबा, झरी, माती नको. सहा वर्षं ती वाक्यं शिजत होती, त्यामुळे चव बरोबर उतरली होती.

इंदुताई गौरीजवळ उभी होती. हसू चेहऱ्यावर होतं, पण ते कोणी तरी "हसा" म्हणून विसरून गेल्यासारखं. काकू तिच्यापर्यंत आल्या. कुंकू लावलं. वाकून पायाला हात लावला. आणि रिकाम्या हातानं पुढच्या बाईकडे गेल्या.

"अहो, यजमानीणबाईले राह्यलं न!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकू वळल्या. इतका गोड आवाज मी भाऊबीजेच्या अंगणातच ऐकला होता. "त्यायले कायले वं? त्यायच्याजवळ तर मूळ हाये. हे सारे त्याचेच लेकरं. हाये न ताई?"

हॉल इंदुताईकडे पाहत होता. नाही म्हणायचं तर इतक्या वर्षांचे फोटो, पेपर, गच्चीवरचा आराम, सगळं त्या एका शब्दात कुजून पडणार. ती म्हणाली, "हो न. माह्याजवळ हायेच."

"मंग झालं तर," काकू म्हणाल्या, आणि आंब्याची डाळ मागून घेतली. दोनदा.

उरलेली झाडं इंदुताईच्या गल्लीत वाटली. भाजीवालीला दिलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दिलं. समोरच्या घराच्या फाटकाला बबलूनं स्वतः वर चढून बांधलं, म्हणजे इंदुताईच्या बाल्कनीतून नीट दिसेल.

निघताना निकितानं काकूंच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. "आईंनी डाळ दिली." पदराआडून मान खाली घालून ती पुढं हळूच बोलली, "कुंडी दोन सालापासून रिकामी हाये काकू. वर जाऊन बसतात कधीकधी त्या."

काकूंनी डबा घेतला आणि पदराखाली धरला. वाटेत करंजीला चहासाठी थांबलो तेव्हा काका पुढून मागे आले. "एक ठेवलं असतं तिच्यासाठी तर? बहीण हाये माही."

"मागू दे न तोंडानं. मागायले लाजते का थे? ताटात मागितलं होतं."

"थे मागणार नाही आता."

"मालूम हाये मले," काकू म्हणाल्या, आणि चहात बिस्किट बुडवलं.

आता तो डबा. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीतरी घालूनच पाठवायचा असतो, निदान चार साखरेचे दाणे. हे इंदुताईला माहीत आहे आणि काकूंना तर आहेच. चैत्र संपला, वैशाख लागला. इंदुताईचा दर आठवड्याला फोन येतो. आधी गर्मीचं, मग दीपाचं, मग सांधेदुखीचं, आणि शेवटी, जसं काही आत्ताच आठवलं, "उर्वशी, थो डबा राह्यला माहा तुह्याजवळ."

डबा डार्करूमच्या फळीवर आहे, घासून पालथा घातलेला, झाकण वेगळं. काका तिकडून जाताना त्याच्याकडे पाहतात. परवा मी उंबऱ्यावर उभा होतो तर काकूंनी तो सरळ केला, गच्चीवरून आणलेलं एक रोप त्यात उभं ठेवून पाहिलं. पानं जराशी दुमडली, पण बसत होतं. मग रोप काढून घेतलं, डबा फडक्यानं पुसला आणि पुन्हा पालथा घातला. तेवढ्यात फोन वाजला.

"हो ताई," काकू म्हणाल्या. "पाठवते न. डबा कुठं पळून चालला?"